ओट्यावरचा निवाडा

दिवाळी अंकासाठी आठवणी लिहून द्या, असं संपादक म्हणाले तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "माझ्याच का?" ते हसले. मी हसले नव्हते. सगळी हयात मी माणसांच्या बोलण्यावर विश्वास न ठेवता काढली आणि त्यापायी बरेच जीव वाचले. आता निवृत्त झाले म्हणून ही खोड जाईल, अशी आशा कुणी ठेवू नये.

शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला संशयी असावंच लागतं. लोकांना वाटतं, आमचं सगळं काम सुरीचं. हात एकदा बसला की सुरीला फारशी अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती सुरी उचलायची की नाही हे ठरवताना, आणि ते ठरतं रोग्याच्या सांगण्यावरून. माझी पंचाईत अशी, की माझे रोगी म्हणजे बाया, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे शहापूर-मुरबाडकडची बाई डॉक्टरसमोर तोंड उघडत नसे. पोट सुनेचं दुखायचं, कुठे दुखतं ते सासू सांगायची, कधीपासून ते नवरा सांगायचा, आणि औषध कसलं द्यायचं ते बरोबर आलेला शेजारी सांगायचा. म्हणून मी नियम केला, बाईखेरीज बाकी सगळ्यांनी बाहेर. दार लावून घेतलं की निम्म्या वेळा दुखणंच बदलायचं. कंबरेत लचक भरली म्हणून आलेली बाई दार लागल्यावर पाठ उघडी करायची आणि पाटाची कड जिथे बसली तिथले वळ मला दिसायचे.

बाहेर बसलेल्यांना हे दार लावणं मुळीच आवडत नसे. ही बाई आमच्या बायकांना फितवते, असं शहापूरच्या बाजारात बोललं जायचं. ते अगदीच खोटं नव्हतं. कल्याण-ठाण्याच्या महिला सभांतून मी भाषणं करत असे, बाईच्या शरीरावर पहिला हक्क बाईचा वगैरे. तिथे टाळ्या पडायच्या. तेच वाक्य मी शहापुरात एका नवऱ्याला ऐकवलं तर त्याने बायकोला उठवलं, गाडीत घातलं आणि बैल जुंपून चालता झाला. तेव्हापासून तिथे मी भाषण करणं सोडलं आणि नुसतं दार लावत गेले.

माझ्यावर तरी कुणाचा भरवसा होता? पांढरं पातळ नेसून मी शहापूरच्या माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर उभी असायची आणि माणसं मलाच विचारायची, "डॉक्टर कवा येनार?" म्हसा गावच्या जत्रेतून बैल घेऊन परतताना एक शेतकरी बायकोला घेऊन आला होता. तिच्या छातीत गळू झालं होतं. त्याने मला दोन्ही हात पुढे करायला लावले, उलटसुलट करून बघितले.

"ह्या हातांनी कापनार तुमी?"

"ह्याच."

"लई बारीक हायेत."

"बारीक आहेत म्हणून चीरही बारीक पडेल."

जत्रेत जनावर पारखावं तसा आणखी थोडा वेळ बघून मग तो 'बरं' म्हणाला. त्याचा मला राग आला नाही. न बघता बायकोला माझ्या हवाली करणाऱ्यापेक्षा तो बरा.

ह्या अविश्वासातूनच आमच्याकडे एक रीत पडली होती. पोटातून जे काढलं ते ओट्यावर आणून घरच्यांना दाखवायचं. डॉक्टर नुसतंच कापतात आणि शिवतात, आत काही नसतंच, असा एक समज होता. दुसरा त्याच्या उलट, की डॉक्टर आतलं काळीज काढून मुंबईला पाठवतात. दोन्हींवर उपाय एकच. मुतखडा, गाठ, जे काय निघेल ते चिनी मातीच्या ताटात ठेवायचं, वर फडकं टाकायचं आणि सगळ्यांसमोर फडकं उचलायचं. एका बाईच्या नवऱ्याने तर तिचा मुतखडा धुऊन मागून घेतला आणि घरी देवाशेजारी ठेवला. त्याची तिथे पूजा होत असे की तो पाहुण्यांना दाखवायला असे, हे मी विचारलं नाही.

ही रीत मला फार सोयीची वाटायची. डोळ्यांनी बघितलं की माणसाचा संशय फिटतो, असा माझा समज होता. बुधीने तो मोडला.

बुधी म्हशाच्या पलीकडच्या, डोंगराच्या पोटातल्या एका गावातली. भात आणि नाचणी पिकवणारी कोळ्यांची वस्ती. लढाई चालू होती, रॉकेल-पेट्रोलची चणचण होती आणि कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार चढावर उतारूंना खाली उतरवायची. बाजाराच्या दिवशी मी मुरबाडला जाऊन रोगी तपासत असे. तिथे तिला डोलीत घालून आणली. डोलीला पुढून खांदा दिला होता तिच्या दिराने, हिरूने. मागून गावचा पाटील आणि जातीचे पंच चालत आले होते. एका आजारी बाईबरोबर इतके पुरुष आणि बाई एकही नाही, हे बघितल्याबरोबर माझा संशय जागा झाला.

बुधी विधवा होती. तिचं पोट भरल्या दिवसांच्या बाईसारखं पुढे आलं होतं. आता सांगायला काही उरलं का?

तरी पाटलाने सांगितलं. "हिचा घो मेला त्याला दोन पावसाळे झाले. हे पोट कुनाचं ते ही बोलत नाय. पोर हाय बोलावं तर कबूल नाय. तुमी बघा नि सांगा."

"आणि मूल असलं तर?"

"मंग ही आमच्यात नाय. पोरगी हिरूकडं ऱ्हाईल."

पोरगी म्हणजे चांगी, पाच-सहा वर्षांची, बुधीची एकुलती एक. पंचांनी ती आधीच हिरूच्या घरी ठेवली होती. बुधीच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नव्हतं. पोरगी हिरूकडे गेली की तिच्या बापाचा भातशेतीचा तुकडाही तिकडेच जाणार, हे मला कुणी न सांगता समजलं. मी हिरूकडे बघितलं. त्याने खाली बघितलं.

दार लावल्यावर बुधी एवढंच बोलली, "पोर नाय बाई. चांगीच्या टायमाला पोर कसं हालतं ते मला ठावं हाय. ह्ये हालत नाय. ह्ये नुसतं बसलंय."

एवढं नेमकं वर्णन मला एखाद्या शिकलेल्या बाईनेही करून दिलं नसतं. मी तपासलं. मुलाचे ठोके नाहीत, हातपाय लागत नाहीत. आतून तपासलं तर गर्भाची पिशवी मुठीएवढी, बाजूला सरकलेली, अगदी रिकामी. पोट भरलं होतं ते अंडाशयाच्या गाठीने. अशा गाठी बायांना होतात, वर्षावर्षाने वाढतात, बहुतेकींच्या आत पाणी असतं. शंकेला जागा नव्हती. मी दार उघडून बाहेर आले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मूल नाही. पाण्याची गाठ आहे. शहापूरला नेते, काढते आणि तुम्हा सगळ्यांना ओट्यावर दाखवते. या बघायला."

पाण्याची, हा शब्द तोंडातून काढायची काही गरज नव्हती. पण समोर एवढे पुरुष गप्प बसलेले मला क्वचितच मिळत.

ऑपरेशनला घरच्या पुरुषाचा अंगठा घ्यायची तेव्हा पद्धत होती. हिरू स्वतःहून पुढे आला. "मी देतो आंगठा."

"पोट कुणाचं आहे?" मी विचारलं.

"वयनीचं."

"मग अंगठाही तिचाच लागेल."

बुधीने अंगठा उठवला आणि शाई पदराला न पुसता तशीच ठेवली.

शहापूरला मी तिचं पोट उघडलं. भूल द्यायला आमच्या नर्स मालूताई होत्या, रोग्याच्या श्वासावर त्यांचा कान घड्याळासारखा लागलेला असे. गाठ वर आली. दुधी भोपळ्याच्या रंगाची, गुळगुळीत, चांगली जड. हात लावला, मग पुन्हा एकदा दाबून बघितलं. पाण्याची गाठ बोटाखाली डुचमळते. ही मळलेल्या कणकेसारखी दबत होती आणि खोल आत काहीतरी खडे लागत होते. गाठ काढून, पोट शिवून झाल्यावर मी त्या गाठीला बाजूला एक छोटा छेद दिला. थिजल्या तुपासारखा मऊ गोळा बाहेर आला आणि त्यात गुंतलेले काळे केस आणि दात.

हे माहीत नसलेल्यांसाठी सांगते. काही गाठींचं बीज बाईच्या अंगात ती जन्मते तेव्हापासून असतं. त्यात केस वाढतात, दात येतात, कधी हाडाचा तुकडा असतो. पुरुषाशी त्याचा काडीचा संबंध नाही, कुमारिकेलाही होते, लहान मुलीलाही होते. आमच्या पुस्तकात ह्याची चित्रं असतात आणि विद्यार्थ्यांना त्याची गंमत वाटते. मला त्या दिवशी गंमत वाटली नाही. विधवेच्या पोटातून केस आणि दात निघाले होते आणि ते पंचांना दाखवायचं मी भर बाजारात कबूल केलं होतं.

मालूताईंनी कपाटाकडे बोट केलं. तिथे एका जुन्या रोग्याची पाण्याची गाठ बरणीत ठेवलेली होती, सरळ, निर्मळ, आरपार दिसणारी. "बाई, हीच दाखवू," त्या म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

कुणालाच कळलं नसतं. मी बरणी काढून खिडकीशी धरली. मोह खरा होता. पण आयुष्यभर मी ज्यांच्यावर संशय घेतला त्यांचा माझ्यावरचा संशय खरा करायला तेवढी एक बरणी पुरे होती. शिवाय पुढे कधी फुटलं तर बुधीचं काय झालं असतं? मी बरणी ठेवून दिली. मग मला सुचलं ते खरं तर पहिल्यांदा सुचायला हवं होतं. जिच्या पोटातून निघालं तिला विचारावं.

बुधी बसती झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दावा."

मी ताट आणलं. फॉर्मॅलिनचा उग्र वास होता, गाठ कुजू नये म्हणून तिला त्या पाण्यात ठेवली होती. बुधीने नाक झाकलं नाही. केस बघितले. मी चिमट्याने एक दाढ बाहेर काढली, तीही तिने बघितली. तिच्या तोंडावर भीती नव्हती. रागच होता, एवढे महिने आपल्याला छळणारं कोण ते एकदाचं समोर आल्यासारखा.

"ह्ये पोर हाय का?"

"नाही."

"मंग लपवायचं कशापायी? पन फुकट नाय दावायचं. चांगीला हितं आना बोला. पोर माझ्यासमोर आली की मंग फडकं काढू."

पंच आले तेव्हा मी तसंच सांगितलं. पाटील चिडला. एवढ्या लांबून आलोय, आता परत जायचं? मी म्हटलं, गाठ औषधात आहे, वर्षभर टिकेल, तुम्ही सावकाश या. ओट्यावर आणून ठेवलेल्या खाटेवरून बुधी आढ्याकडे बघत होती. शेवटी हिरू बैलगाडी घेऊन गेला आणि परत आला तेव्हा गाडीत चांगी होती.

पण चांगी आईजवळ गेली नाही. ती ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिली. बुधीने हात पसरले तर पोर आणखी खांबामागे सरकली. एवढे महिने तिच्या कानात काय ओतलं होतं ते सगळ्यांना दिसलं. हिरूच्या घरी कोण काय बोलायचं हे मला कधीच कळलं नाही, पण मी त्या क्षणी त्याला मनातून फाशी दिली. बुधीचे हात तसेच चादरीवर आले. ती मला म्हणाली, "काढा फडकं."

मी फडकं उचललं. गाठ नुसती बघून कुणाचं समाधान होणार नव्हतंच. पाटील म्हणाला, "फोडा." मी सुरीने उभा छेद दिला. केसांचा गुंता बाहेर आला, त्याबरोबर दात.

एकदम गलका झाला. "केस! आरं, केस हायेत! पोर हाय ह्ये!"

मी समजावायला लागले. जन्मतःचं बीज, अंडाशय, कुमारिका. कुणी ऐकत नव्हतं. पाटलाने मला अडवलं. "बाई, तुमी बाजारात काय बोल्लाव? पाण्याची गाठ. मंग पानी कुठं हाय?"

सभांतून ज्या तोंडाने टाळ्या घेतल्या होत्या ते तोंड बंद झालं. मी नुसतं म्हटलं, "पोटातल्या मुलाला दाढा असतात का?" तर मागून एक जण म्हणाला, "दाताचं म्हंजे भुताचं." म्हणजे मी तिला एका आरोपातून काढून दुसऱ्यात टाकत होते. भुताळी ठरलेल्या बाईचं त्या डोंगरात काय होतं ते मी ओट्यावर जखमा शिवताना बघितलं होतं.

तेव्हा बुधी खाटेवर कोपरावर उठली. टाके ताजे होते. मी "पडून राहा" म्हटलं, तिने लक्ष दिलं नाही.

"पाटील, तुमाला पोरं किती?"

पाटील गोंधळला. "चार."

"त्यातलं एक तरी व्हताना बघितलंव?"

पाटील ताटाकडे बघायला लागला.

"नाळ कुठं असते? वार कशी दिसते? कुनी तरी सांगा. हिरू, तू सांग."

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. त्या गावांत बाळंतिणीच्या खोलीच्या आसपास पुरुष फिरकत नसे. बाळ न्हाऊ-माखून, गुंडाळून बाहेर आलं की मगच बापाला दिसायचं. म्हणजे पोटातून निघालेली वस्तू मूल आहे की नाही हे ठरवायला आलेल्या ह्या सगळ्या पुरुषांनी आयुष्यात एकदाही पोटातून निघालेलं मूल बघितलेलं नव्हतं. हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, आणि मी तर बाळंतपणं करून पोट भरत होते!

"मंग तुमी कसला निवाडा करताव?" बुधी म्हणाली. "बायांना बोलवा. ज्या बाळंत झाल्यात त्या बघतील."

ओट्याच्या पायऱ्यांवर रोगी बायांच्या आया-सासवा बसलेल्या असायच्या, वाशिंद-आसनगावकडच्या, कुठल्या कुठल्या. इतका वेळ त्या तोंडाला पदर लावून बघत होत्या. त्यांतली एक म्हातारी, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली, उठून पुढे आली. तिच्यामागून आणखी काही जणी आल्या. पंचांना बाजूला सरकावं लागलं. म्हातारीने एक काटकी घेऊन गाठ उलटीपालटी केली, केस उचलले, आत बघितलं. बाकीच्यांनी माना घातल्या. एकीने तर वाकून वास घेतला.

"नाळ नाय," म्हातारी म्हणाली. "वार नाय. डोकं नाय, छाती नाय. पोर कसलं रे ह्ये? ह्यो रोग हाय."

"पन केस..." पाटील म्हणाला.

"तुला ठावं हाय का मला? अकरा काढलीत मी पोटातून."

दुसऱ्या बायांनी माना हलवल्या. भुताचं नाव काढणाऱ्याकडे म्हातारीने नुसतं वळून बघितलं, तो मागच्या मागे गाडीकडे गेला. आता पाटलाला काही इलाजच नव्हता. नाही, मला माहीत आहे, असं तो म्हणता तर कुठे बघितलंस म्हणून सगळा ओटा हसला असता. त्याने पागोटं सारखं केलं. "पोर नाय," तो म्हणाला. "बाया बोलतात तर नाय."

"तोंडानं नको," बुधी म्हणाली. तिने मालूताईंना तांब्या भरून आणायला सांगितला. तिच्या हातचं पाणी घेतल्याशिवाय ती जातीत परत आली असं होणार नव्हतं, तशी त्यांची रीत. पाटलाने तांब्यात डोकावून बघितलं. मग ओंजळ पुढे केली. त्याच्यामागून बाकीचे पंच पाणी प्याले. हिरू सर्वांत शेवटी आला. त्याच्या ओंजळीतून निम्मं पाणी सांडलं. लाजेने, की हातातून भाताचा तुकडा गेला म्हणून? डोली खांद्यावरून आणणाराही तोच होता, हे मी विसरलेले नाही. तरी त्याच्याबद्दलचा माझा संशय आजही गेलेला नाही, आणि तो खोटा असेल तर त्याने मला माफ करावं, असंही मला वाटत नाही. त्या वेळी मी तशी होते म्हणूनच बुधीच्या बाजूने उभी राहिले.

एक गोष्ट मात्र खरी. जाताना पाटील मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाई, आता कुनी नाय. खरं सांगा, काय व्हतं?" पाणी पिऊन, निवाडा देऊन, मिशा पुसूनसुद्धा! मी त्याला म्हटलं, "बायांना विचारा." पण मला फार वाईट वाटलं. डोळ्यांनी बघून माणसाचा संशय फिटत नाही, हे मला तेव्हा समजलं. लोकांच्या पुढे तो फक्त गप्प बसतो. बुधीला पुढची सगळी वर्षं अशा गप्प बसलेल्या माणसांतच काढायची होती.

गाड्या गेल्या. चांगीला बुधीजवळ ठेवून गेले होते, तसं पंचांनी कबूल केलं होतं. पण पोर अजून खांबाशीच उभी. मालूताईंनी गूळ दाखवला, आली नाही. बुधीने हाक मारायचं केव्हाच सोडलं होतं. पंचांसमोर एक टिपूस न काढलेली ती बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिची पाठ हलत होती. मला काय करावं ते सुचेना. मी उगीच ताट झाकलं.

थोड्या वेळाने चांगी आपणहून खाटेपाशी आली. आईच्या तोंडाकडे तिने बघितलंच नाही. चादर उचलली आणि पोटाकडे बघत राहिली.

"गेलं?" तिने विचारलं.

"गेलं," बुधी म्हणाली.

"परत येल?"

बुधीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही येणार."

पोरीने माझ्याकडे एकदा बघून घेतलं. माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसला असं काही मला वाटलं नाही. ताज्या टाक्यांवर मी कुणाला बोट लावू देत नसे, मालूताईंनासुद्धा हात धुऊनच पट्टी बदलू देत असे. चांगीचे हात प्रवासाच्या धुळीने मळलेले होते. तिने पंजा उघडून आईच्या पट्टीवर ठेवला, हळूच दाबून बघितलं, आणि मग तो काढलाच नाही. बुधीला दुखत असणार. ती हलली नाही. मीही काही बोलले नाही.